उरलेला भात कोणाच्या खात्यात?

५३ लाख येन. जपानमधल्या सेव्हन-इलेव्हन या छोट्या दुकानांच्या साखळीतलं एक सरासरी दुकान वर्षभरात जो माल कचऱ्यात टाकायचं, त्याची ही किंमत, आणि तीही खरेदीची. तेव्हाच्या भावाने आपले साधारण २६ लाख रुपये. जपानच्या निष्पक्ष व्यापार आयोगाने सुमारे ११०० दुकानांची माहिती गोळा करून हा आकडा काढला आणि २२ जून २००९ रोजी कंपनीला आदेश बजावला. टाकलेला माल म्हणजे भाताचे डबे, ओनिगिरी (भाताचे मुठीएवढे त्रिकोण), सँडविच, सॅलड, भाज्यांचे छोटे डबे. संध्याकाळी कामावरून परतताना कोणीतरी उचलावं आणि घरी जाऊन खावं म्हणून शिजवलेलं जेवण.

आयोगाने बोट ठेवलं ते मात्र नासाडीवर नाही. कंपनीची पाटी लावून स्वतःचं दुकान चालवणारे काही दुकानदार मुदत संपत आलेला डबा किंमत उतरवून काढू बघत होते आणि कंपनी त्यांना ते करू देत नव्हती, असा आक्षेप होता. डबा अजून खाण्याजोगा आहे, गिऱ्हाईक स्वस्तात घ्यायला तयार आहे, दुकानदाराचा तोटा त्याने कमी होतो, मग कंपनीला अडचण काय? माझा दिवस दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात जातो, त्यामुळे असेल, पण या प्रश्नाचं उत्तर वाचलं तेव्हा ते मला एखाद्या रहस्यकथेतल्यासारखं वाटलं होतं. सगळं एका शब्दाच्या व्याख्येवर येऊन थांबतं.

तयार जेवणाने किराणा धंदा कसा बदलला हे सांगताना आपल्याकडे हल्ली दहा मिनिटांत घरपोच आणणारी ॲप दाखवली जातात. ती धावपळ दिसते, म्हणून तिच्याकडे लक्ष जातं. खरा बदल दुकानाच्या वहीत होतो. साबण विकला गेला नाही तर उद्या विकला जातो. शिजवलेल्या भाताला उद्या नसतो. दुकानात शिजवलेलं अन्न आलं की काय खपलं यापेक्षा जे खपलं नाही त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मोठा होतो. सेव्हन-इलेव्हन जपानच्या प्रकरणात तो प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मधलं जेवण

जपानी भाषेत जेवणाचे तीन प्रकार करतात. घरी शिजवून घरी खाल्लं ते एक, बाहेर जाऊन खाल्लं ते दुसरं, आणि बाहेर शिजलेलं घरी आणून खाल्लं ते तिसरं. या तिसऱ्याला ‘नाकाशोकु’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः मधलं जेवण. आपल्याकडे पोळी-भाजी केंद्रातून सहा पोळ्या आणि पाव किलो मटकीची उसळ आणून घरच्या वरण-भाताला जोड देणारी लाखो घरं आहेत, पण त्या जेवणाला आपण अजून नाव दिलेलं नाही. ‘आज बाहेरून आणलंय’ एवढंच म्हणतो, तेही सासूबाई समोर नसताना.

जपानमध्ये या मधल्या जेवणाला मागणी का वाढली याची कारणं ओळखीची आहेत. लांबचा लोकलचा प्रवास, उशिरापर्यंत चालणारं ऑफिस, नोकरी करणाऱ्या बायका, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या आणि एकटी राहणारी माणसं. २०२० च्या जनगणनेत तिथल्या ३८ टक्के घरांत एकच माणूस राहत होता. एका माणसासाठी कुकर लावायचा, मासा भाजायचा, कोशिंबीर चिरायची, मग भांडी घासायची, यापेक्षा कोपऱ्यावरचा डबा स्वस्त पडतो. वेळ धरला नाही तरी पडतो.

दारूच्या दुकानातून

सेव्हन-इलेव्हन मूळची अमेरिकेतली. १९२७ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसला बर्फ विकणाऱ्या एका दुकानाने दूध, अंडी, पाव ठेवायला सुरुवात केली, तिथून ही साखळी वाढली. जपानमध्ये ती आणली इतो-योकादो या सुपरमार्केट कंपनीने. मोठ्या दुकानांवर निर्बंध घालणारा कायदा तिथे १९७४ मध्ये लागू होत होता आणि गल्लीतले छोटे दुकानदार मोठ्यांवर चिडलेले होते. कंपनीतल्या तोशिफुमी सुझुकी यांचं म्हणणं होतं की छोट्या दुकानदाराला बाजूला सारण्यापेक्षा त्यालाच हाताशी धरावं. १५ मे १९७४ रोजी तोक्योच्या तोयोसु भागात पहिलं दुकान उघडलं. एका तरुण दारूविक्रेत्याने वडिलोपार्जित दुकानाची पाटी बदलली होती. त्या दिवशी पहिल्यांदा विकला गेला तो गॉगल, असं कंपनीच सांगते. भात तेव्हा कुठेच नव्हता.

भात आला तो विरोध पत्करून. ओनिगिरी हा मुठीत दाबून केलेला भाताचा त्रिकोण, आत खारवलेला मासा किंवा उमे हे खारवलेलं आंबट फळ, बाहेरून समुद्री शेवाळाची नोरी गुंडाळलेली. प्रत्येक घरात आई करते. ‘हे पैसे देऊन कोण घेणार?’ असं सुझुकींना लोकांनी ऐकवलं. पन्नाशीच्या पुढच्या मराठी वाचकाला हे वाक्य पाठ असेल. पोळी विकत आणायची म्हटल्यावर आपल्या आजीनेही हेच म्हटलं होतं.

१९७८ मध्ये आलेल्या वेष्टनाने काम फत्ते केलं. ते हातात घेऊन बघण्यासारखं आहे. नोरी भाताला चिकटून राहिली तर दमट होऊन चामड्यासारखी होते, म्हणून भात आणि नोरी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा ठेवला. हल्लीच्या वेष्टनावर १, २, ३ असे आकडे छापलेले असतात. वरच्या टोकाची पट्टी खाली ओढत पूर्ण फिरवायची, मग उजवा कोपरा धरून ओढायचा, मग डावा. मधला पडदा दोन्हीकडून सरकून निघतो आणि कोरडी नोरी ओल्या भातावर त्याच क्षणी बसते. पहिल्या घासाला कुर्रर्र आवाज येतो. भेळवाला पार्सलला चटण्या वेगळ्या बांधून देतो, त्यामागे हेच शास्त्र आहे. जपान्यांनी त्याला फक्त गाठीऐवजी कोपरे दिले.

घड्याळावर चालणारं दुकान

वेष्टनाचा प्रश्न सुटला, भाताचा राहिला. फ्रीजमध्ये ठेवलेला भात सकाळी खडे झालेला असतो. शिजताना फुललेला स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बसतो, आणि फ्रीजच्या तापमानाला हे सगळ्यात भराभर होतं. आपल्याला त्याचं दुःख नाही, कारण असाच मोकळा, कोरडा भात फोडणीला लागतो. पण डबा विकणाऱ्याला तो चालत नाही. भात बाहेर उन्हाळ्यात ठेवावा तर तो आंबतो. म्हणून सेव्हन-इलेव्हनने भाताच्या पदार्थांसाठी २० अंशांची वेगळी गाडी, वेगळं गोदाम आणि वेगळं कपाट केलं. सॅलड आणि दूध ५ अंशांवर, आईस्क्रीम उणे २० वर आणि भात २० वर. २० अंशांना भात मऊ राहतो, पण त्याचं आयुष्य तासांत मोजावं लागतं.

तासांत मोजायचं म्हटल्यावर दिवसातून एकदा माल येऊन भागत नाही. १९८७ पासून भाताचे पदार्थ दिवसातून तीनदा येऊ लागले. सकाळच्या गर्दीआधी, दुपारच्या जेवणाआधी, संध्याकाळी लोक घरी निघायच्या आधी. १९७४ साली एका दुकानापुढे दिवसाला सुमारे ७० गाड्या उभ्या राहायच्या, कारण प्रत्येक कंपनी आपापला माल पाठवायची. वेगवेगळ्या कंपन्यांचा माल तापमानानुसार एकाच गाडीत भरायची पद्धत बसवून हा आकडा पुढे ९ वर आणला. एकाच भागात दाट दुकानं उघडायची त्यांची पद्धतही याच्याशीच जोडलेली आहे; शेजारी शेजारी वीस दुकानं असली तर गाडीचा फेरा छोटा होतो आणि स्वयंपाकघर जवळ ठेवता येतं. डबे बनवणाऱ्या कारखानदारांची सहकारी संघटना १९७९ मध्येच उभी केली होती. १९८२ पासून गल्ल्यावर संगणक आला आणि कोणता डबा किती वाजता खपला हे कळू लागलं.

इथपर्यंतची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात कौतुकाने शिकवली जाते, आणि कौतुकाची ती आहेच. तयार जेवणाने दुकानाचं रूप पार बदलून टाकलं होतं. पूर्वी दुकानदार महिन्याचा माल भरायचा आणि मग गिऱ्हाईकाची वाट बघायचा. आता तो रोज हवामानाचा अंदाज बघतो, जवळच्या शाळेत उद्या स्नेहसंमेलन आहे का ते बघतो आणि उद्याच्या माशाच्या ओनिगिरी २४ मागवायच्या की ३० हे ठरवतो. किराणावाला आणि खानावळवाला यांच्यातली भिंत पडली. खानावळवाल्याची रोजची धास्ती मात्र त्या पडलेल्या भिंतीवरून आत आली.

व्याख्येतली मेख

करार असा होता. दुकानदार, ज्याला ते ‘ओनर’ म्हणतात, आपल्या ढोबळ नफ्यातला हिस्सा कंपनीला देतो. जागा त्याची स्वतःची असेल तर हिस्सा कमी, साधारण ४३ टक्के. जागा कंपनीची असेल तर नफा वाढेल तसा हिस्सा वाढत जातो, ५६ पासून ७६ टक्क्यांपर्यंत. विक्रीवर टक्केवारी न घेता नफ्यात वाटा घ्यायचा, म्हणजे दोघांचं हित एकच, असं कंपनी अभिमानाने सांगायची.

आता ढोबळ नफा म्हणजे काय ते पाहा. समजायला सोपे आकडे घेतो. ओनरने दहा ओनिगिरी मागवल्या, खरेदी ७० येन, विक्री १०० येन. आठ विकल्या, दोन उरल्या आणि मुदत संपली. आपल्याकडचा कोणताही दुकानदार म्हणेल: गल्ल्यात आले ८००, माल आणला ७०० चा, नफा १००. त्यातले ६० टक्के कंपनीला दिले तर ६०, मला उरले ४०.

कंपनीचं गणित वेगळं होतं. ती म्हणायची, विकलेल्या आठांचीच खरेदी धरा. ८०० वजा ५६० म्हणजे नफा २४०. त्याचे ६० टक्के, १४४ येन कंपनीला द्या. तुमच्या वाट्याला ९६. आणि फेकलेल्या दोन ओनिगिरींचे १४० येन? तो तुमच्या दुकानाचा खर्च, वीजबिलासारखा आणि पोराच्या पगारासारखा. तुमच्या ९६ मधून भागवा. म्हणजे ओनर ४४ येन तोट्यात आणि कंपनी १४४ येन फायद्यात. एकाच दिवशी, त्याच दहा ओनिगिरींवर.

समजा ओनरने रात्री उरलेल्या दोन ३० येनला काढल्या. गल्ल्यात ८६०, सगळा माल विकला गेल्यामुळे खरेदी पूर्ण ७००, नफा १६०. कंपनीला ९६, ओनरला ६४. ओनर ४४ च्या तोट्यातून ६४ च्या फायद्यात आला. कंपनीचे मात्र १४४ चे ९६ झाले.

मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, कुठेतरी वजाबाकी चुकली असणार असं वाटून. चुकली नव्हती. या पद्धतीत डबा कचऱ्यात गेला तर कंपनीचं काही जात नाही, आणि तोच डबा स्वस्तात गेला तर जातं. जास्त माल मागवा असा आग्रह धरणाऱ्याच्या खिशाला त्या जास्त मालाची झळ लागत नव्हती. लबाडी म्हणायला जीभ धजत नाही, कारण सगळं करारात लिहिलेलं होतं. फक्त ‘विकलेल्या मालाची खरेदी’ या शब्दांत फेकलेला माल धरायचा की नाही, हे सामान्य माणसाला वाचून कळेल असं लिहिलेलं नव्हतं.

एका ओनरने याच शब्दांवरून दावा लावला. तोक्योच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. ११ जून २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला: कराराचा अर्थ कंपनी लावते तसाच आहे. सोबत पुरवणी मत जोडलं गेलं की करारातली भाषा स्पष्ट नाही, ती सुधारायला हवी. हिशोब कायदेशीर ठरला. मग ओनरच्या हातात एकच उपाय राहिला, रात्री किंमत उतरवणं.

‘सल्ला’ आणि आदेश

करारात असंही होतं की विक्रीची किंमत ओनरने स्वतः ठरवायची. त्यामुळे कंपनीला उघड मनाई करता येत नव्हती. दुकानांवर फिरणारे कंपनीचे सल्लागार येत, स्वस्तात विकू नका म्हणून समजावत. ऐकलं नाही तर त्यांचे वरिष्ठ येत. तरी ऐकलं नाही तर करार पुढे चालू राहील की नाही, अशी भाषा सुरू होई. आयोगाच्या आदेशात हे सगळं नोंदलेलं आहे. कर्ज काढून, नवरा-बायकोने मिळून, चोवीस तास चालवायच्या दुकानात सगळं घातलेल्या माणसाला करार जाण्याची नुसती कुजबुजही पुरते. आयोगाने याला वरचढ स्थानाचा गैरवापर म्हटलं आणि तो थांबवायला सांगितलं.

कंपनीची बाजू पोकळ होती असं मात्र मला वाटत नाही. तिचं म्हणणं असं की, रात्री आठला डबा निम्म्यात मिळतो हे एकदा कळलं की सातचं गिऱ्हाईक आठपर्यंत थांबतं. दोनशे मीटरवर आपलंच दुसरं दुकान आहे, त्यालाही उतरावं लागतं. भाव पडले की डब्यातला मासा बारीक होतो. दुसरा मुद्दा त्यांच्या धंद्याच्या मुळाशी जाणारा होता. रिकामं कपाट बघून परत गेलेलं गिऱ्हाईक हा न दिसणारा तोटा आहे आणि तो फेकलेल्या डब्यापेक्षा मोठा आहे. त्यांनी त्याला ‘संधीचा तोटा’ असं नाव दिलं होतं. म्हणून कपाट भरलेलं ठेवा, चार डबे गेले तरी चालतील.

चालतील, पण कोणाच्या जिवावर? मुद्दा बरोबर आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, अशी ही स्थिती होती. मला विचाराल तर कंपनीने संधीच्या तोट्याचं तत्त्वज्ञान सांगतानाच कचऱ्याचा निम्मा भार उचलला असता, तर हे प्रकरण आयोगापर्यंत गेलंच नसतं. शिवाय मागवायचे आकडेही कमी झाले असते, कारण मग सल्लागारानेही २४ की ३० याचा दोनदा विचार केला असता.

आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी, २३ जूनला, कंपनीने जाहीर केलं की टाकलेल्या मालाच्या किमतीतले १५ टक्के ती सोसेल. सरासरी ५३ लाखांना हे लावलं तर सुमारे ८ लाख येन कंपनीचे आणि ४५ लाख ओनरचे. आमच्या दहा ओनिगिरींच्या दिवशी ओनरचा तोटा ४४ वरून २३ येनवर येतो. तोटा तो तोटाच. पुढे काही ओनरांनी भरपाईचा दावा लावला आणि २०१३ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने चौघांना मिळून सुमारे १ कोटी १४ लाख येन द्यायला सांगितले. दुसऱ्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात ते कायम झालं.

नंतरची पंधरा वर्षं

आदेशानंतर सगळीकडे स्वस्ताईचे स्टिकर लागले असतील असं वाटतं. तसं झालं नाही. परवानगी होती, पण सवय नव्हती आणि कंपनीच्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्याही होत्या. मुदत संपलेली वस्तू गल्ल्यावर धरली की यंत्रच ती नाकारतं, त्यामुळे ठरलेल्या वेळी टोपल्या काढायच्या, एकेक डबा यंत्रासमोर धरून खर्ची टाकायचा आणि पिशवीत भरायचा, हे रात्रपाळीचं काम चालूच राहिलं. या कामाला बहुधा शिकत असलेली परदेशी मुलं असतात, व्हिएतनामची, नेपाळची. भाताचा डबा कचऱ्याच्या पिशवीत टाकताना नेपाळी मुलाच्या मनात काय येत असेल हे मराठी वाचकाला सांगायला नको. अन्नाला पाय लागला तरी नमस्कार करणारे आपण.

बदल आला तो दुसऱ्या दोन वाटांनी. पहिली वाट स्वयंपाकघरातली. २००७ पासून कंपनीने स्वतःच्या नावाने छोट्या बंद पाकिटांतल्या भाज्या, बटाट्याचं सॅलड, भाजलेला मासा असे प्रकार आणले. हे तासांवर चालत नाहीत, कित्येक दिवस टिकतात. घरी भात लावायचा आणि जोडीला दोन पाकिटं फोडायची. एकटा माणूस आणि म्हातारी जोडपी याकडे वळली. दुकानदारालाही ते हवंच होतं, कारण या पाकिटांचा रात्री निकाल लागत नाही. काही डबेही २० अंशांवरून फ्रीजमध्ये गेले, थंडीत मऊ राहील असा भात शिजवण्याची युक्ती सापडल्यावर. कज्जा वकिलांनी लढवला, पण कचरा कमी करण्याचं बरंचसं काम भात शिजवणाऱ्यांनी केलं, असं माझं मत आहे.

दुसरी वाट लोकलज्जेची. १ ऑक्टोबर २०१९ पासून जपानमध्ये अन्नाची नासाडी कमी करण्याचा कायदा लागू झाला. त्यानंतर कंपनीने मुदत जवळ आलेल्या पदार्थांवर गिऱ्हाईकाच्या कार्डात ५ टक्के गुण द्यायला सुरुवात केली. किंमत तीच, गुण जादा. म्हणजे ‘आम्ही भाव उतरवला नाही’ हेही म्हणता येतं. २०२१ मध्ये सरकार आणि दुकानांनी मिळून ‘तेमाएदोरी’ची मोहीम काढली. लगेच खाणार असाल तर कपाटातला पुढचा डबा घ्या, मागे हात घालू नका. दुधाची पिशवी घेताना खालची उपसून तारीख बघणाऱ्या आपल्यालाही ती पाटी लागू पडेल. आणि २०२४ च्या मे महिन्यात सेव्हन-इलेव्हनने स्वतःच, देशभर, उतरवलेल्या किमतीचं स्टिकर लावायची पद्धत आणली, ‘एको-दा-ने’ या नावाने. ज्या गोष्टीसाठी ओनरांना करार जाण्याची भीती घातली गेली होती, तिलाच पंधरा वर्षांनी कंपनीचा हिरवा कंदील मिळाला.

आपल्या कोपऱ्यावर

सेव्हन-इलेव्हनचं भारतातलं पहिलं दुकान ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत उघडलं, अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये, रिलायन्समार्फत. पण आपल्याकडचं मधलं जेवण अशा दुकानांनी आणलेलं नाही. ते त्याआधीच पोळी-भाजी केंद्रांनी आणलं. आणि पोळी-भाजी केंद्राचा उरलेल्या मालाबद्दलचा विचार तोक्योच्या बरोबर उलटा आहे. तिथे रिकामं कपाट ही नामुष्की. पुण्यात ‘पोळ्या संपल्या’ ही पाटी अभिमानाने लावतात आणि गिऱ्हाईकही ती बघून दुखावत नाही, उद्या लवकर यायचं ठरवतं. आमच्या जवळच्या केंद्रात साडेसातला गेलं की ताई वर न बघता विचारतात, ‘सांगून ठेवलंय का?’ नसेल तर थांबायचं. सांगून ठेवलेल्यांचं झालं की मग तवा उरलेल्यांसाठी. तेवढ्या एका प्रश्नात संगणकाचं निम्मं काम उरकतं.

आता मात्र हा माल केंद्रातून किराणा दुकानाच्या फळीवर सरकतोय. दहा पोळ्यांचं पाकीट, पुरणपोळी, थालीपिठाची ओली भाजणी, इडलीचं पीठ. २२ सप्टेंबर २०२५ पासून पोळी, रोटी, पराठा यांवरचा जीएसटी शून्य झाला. त्याआधी पोळीला ५ आणि पाकिटातल्या पराठ्याला १८ टक्के अशी मजेशीर वर्णव्यवस्था होती. पाकिटावर तारीख आली, छापील किंमत आली, म्हणजे तो उरलेल्या मालाचा प्रश्नही मागोमाग आला. पाववाला शिळा पाव परत नेतो, ही आपली जुनी रीत. तिथे भार बनवणाऱ्यावर असतो, म्हणून तो मोजून टाकतो. पोळीचं अजून ठरायचं आहे.

हे ठरताना मी एकदा योगायोगाने समोर होतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तांदूळ मोजून घेत होतो आणि केंद्रातल्या ताई शेठशी बोलत होत्या.

‘रोज चाळीस पाकिटं ठेवू या,’ शेठ म्हणाले. ‘जाईल माल. फळी भरलेली दिसली पाहिजे.’

‘राहिली तर?’

‘राहिली तर परत घ्या ना, ताई. पाववाला नेतो.’

‘त्याचा पाव, माझी पोळी. सकाळी चारला उठते मी.’ ताईंनी पिशवी खांद्यावर घेतली. ‘परत नाही. पंचवीस ठेवा.’

शेठनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. ‘तीस,’ म्हणाले. ‘पाच राहिली तर निम्मी तुमची, निम्मी माझी.’

‘पाचाची निम्मी कशी करणार?’

‘एक तुमच्या गाईला घाला.’